मूत्रपिंडाच्या रोहिणीचा अवरोध : एका शोधाची कथा

दमणगंगेच्या खोऱ्यातील सिल्वासा हे गाव मराठी वाचकाच्या स्मरणात राहिले आहे ते मुख्यतः एका तारखेमुळे. २ ऑगस्ट १९५४ रोजी पुण्यामुंबईकडून गेलेल्या स्वयंसेवकांनी तेथील पोर्तुगीज ठाणे ताब्यात घेतले आणि नगर हवेलीवरील परकीय सत्ता संपुष्टात आणली. संगीतकार सुधीर फडके, शिवशाहीर बाबासाहेब पुरंदरे ह्यांच्यासारखी पुढे महाराष्ट्राला सुपरिचित झालेली माणसे त्या मोहिमेत होती. त्याआधी जुलैच्या अखेरीस दादरा आणि नरोली ही ठाणी मुक्त झालेली होती. १७७९ साली पेशव्यांच्या दरबाराने पोर्तुगिजांशी जो तह केला, त्याच्या अनुषंगाने १७८३ मध्ये ह्या परगण्याचा वसूल त्यांच्याकडे गेला होता. पावणेदोनशे वर्षांनी तो हिशेब पुरा झाला.

ह्या मुक्तिसंग्रामाचे यश जसे स्वयंसेवकांच्या धैर्यात होते, तसेच ते भूगोलातही होते. दमण समुद्रकाठी, नगर हवेली आत डोंगराकडे, आणि मध्ये भारताची भूमी. ती वाट भारताने लष्कराला व पोलिसांना बंद केली आणि सिल्वाशातील शिबंदीला कुमक पोचेनाशी झाली. पोर्तुगालने हा वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेला. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला तो असा, की खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व सामान्य माल ह्यांना त्या वाटेने जाण्याचा हक्क पोर्तुगालला होता, परंतु सशस्त्र दले व शस्त्रास्त्रे ह्यांना तो नव्हता, आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नाही. ज्या मुलखाला बाहेरच्या जगाशी जोडणारी वाट एकच असते, त्याचे सारे भवितव्य त्या वाटेवर अवलंबून असते, हा धडा त्या प्रकरणाने सर्वांना दिला.

मनुष्याच्या शरीरातही असा एक मुलूख आहे. पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांना, शेवटच्या बरगड्यांच्या आश्रयाने, मुठीएवढी दोन मूत्रपिंडे असतात. हृदयाकडून निघणाऱ्या महारोहिणीपासून प्रत्येक मूत्रपिंडाला बहुधा एकच रोहिणी जाते. दोन्ही मूत्रपिंडांचे वजन मिळून शरीराच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याइतकेही भरत नाही. तथापि हृदय जेवढे रक्त बाहेर टाकते त्याचा सुमारे पाचवा हिस्सा, म्हणजे मिनिटाला लिटरभराहून अधिक रक्त, ह्या दोन अवयवांतून फिरते. दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव तेथे गाळला जातो, आणि त्यांतील दीड लिटरच्या आसपास लघवीवाटे बाहेर पडून बाकीचा रक्तात परत घेतला जातो. इतका मोठा व्यवहार ज्या एका वाटेवर चालतो, ती वाट अरुंद झाली तर काय होते? ह्या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास वैद्यकशास्त्राला शंभर वर्षांहून अधिक काळ लागला. त्या उत्तरात लिस्बनचा वाटा आहे, मुंबईचाही आहे. आणि सिल्वाशाच्या रुग्णालयात रक्तदाब मोजून घेण्यास येणाऱ्या माणसाशी त्याचा आजही प्रत्यक्ष संबंध आहे.

कथेचा आरंभ लंडनच्या गायज रुग्णालयात होतो. तेथील रिचर्ड ब्राइट ह्या वैद्याने १८२७ साली आपल्या रुग्णांची टिपणे प्रसिद्ध केली. अंगावर सूज, लघवीत प्रथिन आणि मृत्यूनंतर आकसलेली मूत्रपिंडे ही लक्षणे एकाच व्याधीची होत, हे त्याने दाखविले. पुढे १८३६ मध्ये त्याने आणखी एक गोष्ट नमूद केली. अशा रुग्णांपैकी पुष्कळांचे हृदय, त्यातही त्याचा डावा कप्पा, जाड झालेला आढळतो. जणू काही त्या हृदयाला आयुष्यभर मोठे ओझे वाहावे लागले होते. ते ओझे कशाचे, हे ब्राइटला नक्की सांगता येईना. कारण मनुष्याचा रक्तदाब मोजण्याचे सोयीचे साधनच तेव्हा नव्हते. दंडाला गुंडाळावयाची हवेची पट्टी इटलीतील रिवा-रोची ह्याने १८९६ मध्ये आणली, आणि तिच्या खाली नळी लावून नाडीचे ध्वनी ऐकण्याची रीत रशियातील कोरोतकोव्ह ह्याने १९०५ मध्ये सांगितली. आज प्रत्येक दवाखान्यात दिसणारे ते साधन शंभर-सव्वाशे वर्षांचेच आहे.

त्याच सुमारास स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेत रॉबर्ट टिगरस्टेट आणि त्याचा शिष्य पेर बेर्गमन हे सशांवर प्रयोग करीत होते. सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क काढून तो दुसऱ्या सशाच्या रक्तात सोडला असता रक्तदाब वाढतो, असे त्यांना आढळले. मूत्रपिंड केवळ गाळणी नसून ते रक्तात काही द्रव्यही सोडते, असा ह्याचा अर्थ होता. त्या द्रव्याला त्यांनी ‘रेनिन’ हे नाव दिले आणि १८९८ साली आपला निबंध प्रसिद्ध केला. परंतु इतरांना तो प्रयोग नीट साधला नाही आणि सुमारे चाळीस वर्षे रेनिन जवळजवळ विस्मृतीत गेले. शास्त्राच्या इतिहासात असे वारंवार घडते. खरी गोष्ट आधी सांगणाऱ्याला पुष्कळदा वाट पाहावी लागते.

रेनिनला पुन्हा उजेडात आणणारा प्रयोग अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे झाला. हॅरी गोल्डब्लाट हा विकृतिशास्त्रज्ञ मृत देहांची तपासणी करीत असे. ज्यांना हयातीत रक्तदाबाचा विकार होता, त्यांच्या मूत्रपिंडांच्या रोहिण्या कठीण व अरुंद झालेल्या त्याने पाहिल्या. त्या काळचा रूढ समज असा, की आधी रक्तदाब वाढतो आणि त्याच्या माऱ्याने रोहिण्या खराब होतात. गोल्डब्लाटच्या मनात उलटा प्रश्न आला : आधी रोहिणी अरुंद होते आणि म्हणून रक्तदाब वाढतो, असे तर नसेल? त्याने चांदीचा एक लहानसा चिमटा करविला. त्याचा स्क्रू फिरवून कुत्र्याच्या मूत्रपिंडाची रोहिणी हवी तेवढी आवळता येत असे. चिमटा आवळताच रक्तदाब चढला. काही काळातच तो सोडविला असता रक्तदाब उतरला. १९३४ साली हे प्रयोग प्रसिद्ध झाले, आणि मूत्रपिंडाच्या अरुंद रोहिणीतून उद्भवणाऱ्या रक्तदाबाला त्यानंतर गोल्डब्लाटचेच नाव मिळाले.

मग पुढची कडी जुळू लागली. अमेरिकेत आर्व्हिन पेज आणि अर्जेंटिनात एदुआर्दो ब्राउन-मेनेंदेझ ह्यांच्या दोन स्वतंत्र मंडळांनी १९३९-४० च्या सुमारास असे दाखविले, की रेनिन स्वतः रक्तवाहिन्या आवळीत नाही. ते रक्तातील एका प्रथिनावर क्रिया करते आणि त्यातून एक प्रभावी द्रव्य निर्माण होते. दोघांनी त्याला वेगवेगळी नावे दिली होती. १९५८ मध्ये दोन्ही नावांची संधी करून ‘अँजिओटेन्सिन’ हे नाव सर्वसंमतीने ठरले.

ह्या सर्व शोधांचे सार थोडक्यात असे. रोहिणी अरुंद झाली, की मूत्रपिंडाला रक्त कमी पोचते. शरीरातले रक्तच कमी झाले आहे, कोठे तरी मोठा रक्तस्राव झाला आहे, अशी मूत्रपिंडाची समजूत होते. वाट अडली आहे हे त्याला कळण्यास मार्ग नसतो. ते रेनिन सोडते. त्यातून निर्माण झालेले अँजिओटेन्सिन शरीरभरच्या लहान रक्तवाहिन्या आवळते, आणि मूत्रपिंडांवरील ग्रंथींना चेतवून मीठ व पाणी शरीरात रोखून धरावयास लावते. एका अवयवाची गरज भागविण्यासाठी साऱ्या शरीराचा रक्तदाब वाढतो. त्याचा मारा मग हृदयावर, मेंदूवर, डोळ्यांवर आणि ज्याची वाट मोकळी आहे त्या दुसऱ्या मूत्रपिंडावरही पडतो.

ही उपपत्ती हाती आली तरी एक मोठी अडचण उरली. जिवंत माणसाच्या पोटातील रोहिणी अरुंद आहे हे पाहावयाचे कसे? साध्या क्ष-किरणांना हाडे दिसतात, रक्तवाहिन्या दिसत नाहीत. येथेच लिस्बनचा प्रवेश होतो. एगाश मोनिश ह्या पोर्तुगीज वैद्याने १९२७ साली मेंदूच्या रोहिण्यांत क्ष-किरणांना अपारदर्शक असे द्रव्य सोडून त्यांचे छायाचित्र घेतले. दोन वर्षांनी, १९२९ मध्ये, त्याच शहरातील रेनाल्दो दोस सांतोस ह्या शल्यविशारदाने रुग्णाच्या पाठीतून लांब सुई घालून थेट महारोहिणीत ते द्रव्य सोडले. महारोहिणी आणि तिच्यापासून फुटणाऱ्या मूत्रपिंडांच्या शाखा झाडाच्या फांद्यांसारख्या कागदावर उमटल्या. पुढे त्याचा मुलगा जुआंव सिद दोस सांतोस ह्याने १९४६ साली रोहिणी उघडून तिच्या आतील घट्ट थर खरवडून काढण्याची शस्त्रक्रिया केली. १९५३ मध्ये स्टॉकहोमच्या सेल्डिंगर ह्याने जांघेतील रोहिणीतून बारीक नळी वर सरकविण्याची सोपी व सुरक्षित युक्ती काढली, आणि पाठीतून सुई घालण्याची गरज उरली नाही.

ज्या वर्षी सिल्वासा मुक्त झाले, त्याच १९५४ साली कॅलिफोर्नियातील नॉर्मन फ्रीमन ह्याने लिस्बनची ती शस्त्रक्रिया मूत्रपिंडाच्या रोहिणीवर केल्याचे आणि रुग्णाचा रक्तदाब उतरल्याचे वृत्त प्रसिद्ध केले. लिस्बनची विद्या अशी समुद्रापार गेली. लिस्बनच्याच सत्तेखाली असलेल्या दमणगंगेच्या काठच्या वारली-कोकणा पाड्यांपर्यंत मात्र ती पोचण्याचे काही साधन त्या काळी नव्हते. राजधानीत लागलेला शोध आणि वसाहतीतील रोगी ह्यांच्यामधील अंतर केवळ मैलांचे नसते.

शोधांबरोबर चुकाही झाल्या, आणि त्या सांगितल्यावाचून हा इतिहास पुरा होणार नाही. १९३८ साली अमेरिकेत लेडबेटर व बर्कलँड ह्या दोघा शल्यविशारदांनी साडेपाच वर्षांच्या एका मुलाचे रोगट मूत्रपिंड काढून टाकले. त्याच्या रोहिणीत स्नायूंची गाठ वाढून मार्ग अडला होता. मुलाचा भयंकर चढलेला रक्तदाब खाली आला. ह्या यशाने उत्साहित होऊन रक्तदाबाच्या रोग्यांची मूत्रपिंडे काढण्याची एक लाटच आली. १९५६ मध्ये होमर स्मिथ ह्या मूत्रपिंडशास्त्रज्ञाने अशा ५७५ शस्त्रक्रियांचा आढावा घेतला, तेव्हा जेमतेम चतुर्थांश रुग्णांचा रक्तदाब वर्षानंतर प्राकृत राहिला होता असे दिसून आले. बाकीच्यांनी एक अवयव गमावला तो व्यर्थच. रोहिणी अरुंद दिसणे आणि तीच रक्तदाबाचे कारण असणे ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत. शिवाय फार दिवस चढलेला दाब दुसऱ्या मूत्रपिंडाला इजा करून बसला, तर मूळ कारण काढूनही तो उतरत नाही. हा विवेक रुग्णांच्या पदरी नुकसान पडल्यानंतर शिकावा लागला.

आता ही रोहिणी अरुंद होते तरी कशाने? पाश्चात्य देशांत बहुसंख्य रुग्णांत त्याचे कारण एकच असते. उतारवयात रोहिणीच्या आतील अस्तराखाली चरबीयुक्त थर साचतात व मार्ग अडवतात. महारोहिणीपासून शाखा जेथे फुटते, त्या तोंडाशीच हा थर बहुधा जमतो. तंबाखू, मधुमेह, रक्तातील वाढलेले कोलेस्टेरॉल आणि आधीपासूनचा रक्तदाब ही त्याची खतपाणी. दुसरे कारण रोहिणीच्या भिंतीतील तंतू व स्नायू ह्यांच्या वेड्यावाकड्या वाढीचे. हा विकार मुख्यतः तरुण व मध्यमवयीन स्त्रियांत आढळतो, आणि क्ष-किरणचित्रात ती रोहिणी ओवलेल्या मण्यांच्या माळेसारखी दिसते.

तिसरे कारण आशियाच्या वाट्याला विशेष आले आहे. १९०८ साली जपानमधील कानाझावाचे नेत्रवैद्य मिकितो ताकायासू ह्यांनी एकवीस वर्षांच्या एका स्त्रीच्या डोळ्यांतील रक्तवाहिन्यांची चमत्कारिक वेटोळी वर्णिली. त्याच सभेत इतर वैद्यांनी असे सांगितले, की अशाच रुग्णांच्या मनगटाची नाडी लागत नाही. महारोहिणी व तिच्या शाखांच्या भिंतींना दाह होऊन त्या जाड व अरुंद होत जातात, असा हा रोग आहे. जपानात तो मानेच्या व हातांच्या रोहिण्यांत अधिक दिसला. भारतात मात्र पोटातील महारोहिणी आणि मूत्रपिंडांच्या शाखा ह्यांना तो पुष्कळदा ग्रासतो.

भारतातील हे रूप उलगडण्याचे श्रेय ज्यांना जाते त्यांत मुंबईच्या परळ भागातील केईएम रुग्णालय व सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय येथील मंडळाचे स्थान मोठे आहे. १९६८ साली भारतातील पहिले हृदयारोपण करणारे डॉ. प्रफुल्लकुमार सेन हे त्याचे प्रमुख. त्यांनी विकृतिशास्त्रातील डॉ. किनरे आणि शल्यविशारद डॉ. गुरुकुमार परुळकर आदी सहकाऱ्यांसह १९६३ साली महारोहिणीच्या मधल्या भागाच्या अवरोधावर ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला, आणि १९७३ मध्ये १०१ रुग्णांच्या अभ्यासावर आधारलेला स्वतंत्र ग्रंथ लिहिला. रुग्णांत तरुण मुली व स्त्रिया अधिक असणे, हे ह्या रोगाचे एक दुःखद वैशिष्ट्य. क्षयरोगाशी त्याचा काही संबंध असावा असा संशय पुष्कळ वर्षे व्यक्त केला गेला. परंतु तो निर्विवाद सिद्ध झालेला नाही.

मुंबईने ह्या कथेला आणखी एक देणगी दिली. डॉ. रुस्तम जाल वकील ह्यांनी सर्पगंधा ह्या देशी वनस्पतीच्या मुळीचा रक्तदाबावर होणारा परिणाम पद्धतशीरपणे तपासून १९४९ साली तो जगापुढे मांडला. रक्तदाबावर परिणामकारक औषधे तेव्हा फारच थोडी होती. त्या कार्याबद्दल १९५७ मध्ये त्यांना अमेरिकेचे लास्कर पारितोषिक मिळाले. सर्पगंधेची जागा पुढे अधिक सोईच्या औषधांनी घेतली. त्यांतील एकाचे मूळ पोर्तुगीज भाषा बोलणाऱ्या ब्राझीलमध्ये सापडते. तेथील सेर्जिओ फेरेरा ह्याने १९६५ साली एका विषारी सापाच्या गरळात असे द्रव्य दाखविले, की ज्याच्या अभ्यासातून अँजिओटेन्सिन तयार होण्याची क्रियाच रोखणारे ‘कॅप्टोप्रिल’ हे औषध सिद्ध झाले. १९८१ मध्ये अमेरिकेत त्याच्या वापरास मान्यता मिळाली. गोल्डब्लाटच्या चिमट्याने जी साखळी उघड केली होती, तिची एक कडी आता गोळीने तोडता येऊ लागली.

तथापि ह्याच औषधाने एक नवा धोकाही दाखवून दिला. ज्याच्या दोन्ही मूत्रपिंडांच्या रोहिण्या अरुंद आहेत, किंवा ज्याला मूत्रपिंड एकच असून त्याचीच रोहिणी अरुंद आहे, अशा रुग्णाचे मूत्रपिंड अँजिओटेन्सिनच्याच बळावर कसेबसे गाळणीचे काम रेटीत असते. तो आधार गोळीने काढून घेताच लघवी कमी होते व रक्तातील क्रिएटिनिन झपाट्याने वाढते. १९८३ मध्ये हे स्पष्टपणे नोंदले गेले. म्हणून अशी औषधे सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत रक्ततपासणी करावी असा नियम पडला. आणि त्या तपासणीत आढळणारी अकस्मात वाढ हेच पुष्कळदा अवरोधाचे पहिले चिन्ह ठरते.

वाट मोकळी करण्याच्या उपायांतही क्रांती झाली. झुरिचच्या आंद्रेआस ग्रुंट्झिग ह्याने नळीच्या टोकावरील लहान फुगा फुगवून अरुंद रोहिणी रुंदावण्याची रीत काढली, आणि १९७८ मध्ये ती मूत्रपिंडाच्या रोहिणीवर यशस्वी झाल्याचे कळविले. पुढे रोहिणी उघडी ठेवण्यासाठी धातूची जाळीदार नळी बसविण्यात येऊ लागली. मूत्रपिंडे काढण्याच्या लाटेसारखीच ही दुसरी लाट. तिचाही हिशेब घेतला गेला. २००९ व २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या अभ्यासांत चरबीच्या थरांमुळे अवरोध झालेल्या रुग्णांची तुलना केली असता, औषधांच्या जोडीला जाळी बसविल्याने केवळ औषधांपेक्षा विशेष लाभ होत नाही असे दिसले. म्हणून आता निवड केली जाते. स्नायुतंतूंच्या विकारात फुग्याचा उपाय बहुधा गुणकारी ठरतो. दाहाच्या रोगात आधी दाह शमवावा लागतो. आणि वृद्धांच्या चरबीच्या थरांत औषधे, तंबाखूचा त्याग व पथ्य हाच मुख्य उपचार राहून, औषधांना न जुमानणाऱ्या अथवा झपाट्याने बिघडणाऱ्या थोड्यांसाठीच जाळीचा विचार होतो.

ह्या साऱ्या इतिहासाचा सामान्य माणसाच्या दृष्टीने उपयोग काय, तर रोगाची चिन्हे वेळीच ओळखता यावीत हा. हा विकार बहुधा मुका असतो. मूत्रपिंडाची वाट अडली म्हणून सहसा पाठ दुखत नाही की लघवीस जळजळ होत नाही. (हृदयातून सुटलेली रक्ताची गुठळी एकाएकी रोहिणीत अडकली, तर मात्र कुशीत तीव्र वेदना उठते व लघवीत रक्त दिसू शकते, तो प्रसंग तातडीचा असतो.) एरवी जी चिन्हे दिसतात ती आडवाटेने. तिशीच्या आत रक्तदाब चढणे, किंवा पंचावन्नानंतर एकाएकी जोराने चढणे. वर्षानुवर्षे ताब्यात असलेला रक्तदाब अचानक बेताल होणे. लघवी वाढविणारे धरून तीन औषधे पुऱ्या मात्रेत घेऊनही तो न उतरणे. हृदयाची शक्ती चांगली असताना रात्री-अपरात्री फुप्फुसांत पाणी भरून जीव घाबरा होणे. पोटावर नळी लावली असता फुत्कारासारखा ध्वनी ऐकू येणे. सोनोग्राफीत एक मूत्रपिंड दुसऱ्याहून दीड सेंटिमीटरपेक्षा अधिक लहान दिसणे. ह्यांपैकी एकानेही रोग सिद्ध होत नाही, परंतु शोध घेण्यास ते पुरेसे कारण असते.

दाहाच्या रोगात आणखी एक फसवणूक संभवते. हाताच्या रोहिणीतही अवरोध असेल तर त्या दंडावर रक्तदाब कमी भरतो, किंवा मोजताच येत नाही. पट्टी लावणाऱ्याला वाटते, मुलगी अशक्त आहे, दाब कमी आहे. प्रत्यक्षात महारोहिणीतील दाब प्राणघातक उंचीवर असू शकतो. बारीक ताप, थकवा, वजन घटणे, काम करताना हात भरून येणे ह्या तक्रारी घेऊन एखादी तरुणी आली, तर दोन्ही दंडांवर आणि जरूर पडल्यास मांडीवर दाब मोजावा, दोन्ही मनगटांच्या नाड्या पाहाव्या, असा नियम त्यासाठीच आहे. त्याला चार मिनिटे अधिक लागतात. खर्च काहीच लागत नाही.

सिल्वाशाच्या बाबतीत ही गोष्ट विशेष लागू आहे. १९६१ साली भारतात विलीन झालेला हा प्रदेश २६ जानेवारी २०२० पासून दमण व दीवसह एकच केंद्रशासित प्रदेश झाला आहे. एके काळी रान व शेती ह्यांवर जगणाऱ्या ह्या मुलखात गेल्या काही दशकांत कारखाने उभे राहिले आणि देशाच्या निरनिराळ्या भागांतून कामगार आले. २०११ च्या शिरगणतीत दादरा व नगर हवेलीची लोकसंख्या ३,४३,७०९ भरली. तीत निम्म्याहून अधिक लोक वारली, धोडिया, कोकणा आदी आदिवासी जमातींचे होते. बैठे काम, बाजारी खाणे, विडी-तंबाखू ही उतारवयातील अवरोधाची कारणे, आणि तरुण स्त्रियांत आढळणारा दाहाचा रोग, ही दोन्ही एकाच रांगेत उभी राहू शकतात. मुक्तीच्या वेळी जे नव्हते ते आज आहे : सिल्वाशात विनोबा भावे नागरी रुग्णालय आहे, आणि २०१९ पासून वैद्यकीय महाविद्यालयही आहे. अवघड रुग्णाला मुंबईस धाडण्याची वाट मोकळी आहे. परंतु त्या वाटेवर पाऊल पडावयाचे तर खानवेलच्या बाजूच्या एखाद्या पाड्यावरील आरोग्यसेविकेने लावलेल्या पट्टीपासून आरंभ व्हावा लागतो.

ब्राइटला कान, डोळे व टिपणवही एवढेच साधन होते; गोल्डब्लाटला मृत देहांच्या रोहिण्या पाहून एक उलटा प्रश्न सुचला; परळच्या वैद्यांनी नाडी न लागणाऱ्या मुलींची चिकाटीने नोंद ठेवली. यंत्रे नंतर आली. पंचवीस वर्षांच्या मुलीचा रक्तदाब चढलेला आढळला, तर ‘काळजी करीत असेल’ असे म्हणून तिला परत पाठवू नये. तो का चढला हे विचारावे. पुष्कळदा उत्तर साधे निघेल. क्वचित एखाद्या वेळी मात्र पोटात खोलवर एक वाट अडलेली सापडेल. ती वेळीच सापडली, तर त्या मुलीचे डोळे, मेंदू, मूत्रपिंडे आणि पुढची चाळीस वर्षे वाचविता येतील.